फुकटच्या क्रूझचे निमंत्रण : भेट की सापळा?

"अभिनंदन! आपल्या मोबाइल क्रमांकाची निवड झाली आहे. आपणा उभयतांना मुंबई-गोवा क्रूझची सहल संपूर्ण मोफत." अशा आशयाचे फोन आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. समुद्रापासून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असलेल्या आपल्या छत्रपती संभाजीनगरातही ते येऊन पोहोचतात. गारखेड्यासारख्या वसाहतीत तर अशा फोनसाठी जणू सुपीक जमीनच तयार आहे. येथे निवृत्त शिक्षक व शासकीय कर्मचारी राहतात. वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत आयुष्य वेचलेले कामगार राहतात. मुले परगावी किंवा परदेशी गेल्यामुळे घरात दोघेच उरलेली वयस्क जोडपीही येथे पुष्कळ आहेत. हाताशी भविष्यनिर्वाह निधीची थोडी रक्कम असते, वेळ असतो आणि आयुष्यभर राहून गेलेली एखादी सहलही मनात असते. फोन करणाऱ्याला नेमके हेच हवे असते.

अशा वेळी वाचकांचा साधा प्रश्न असतो : हे खरे की खोटे? आमच्या मते हा प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने विचारायला हवा. कारण कित्येकदा कंपनी खरी असते, जहाजही खरे असते आणि सहलही प्रत्यक्षात घडते. खोटा असतो तो फक्त एक शब्द, "मोफत". म्हणून या विषयाची थोडी सविस्तर चिकित्सा करणे आम्हाला अगत्याचे वाटते.

तीन प्रकारचे फोन

ढोबळमानाने या फोनचे तीन प्रकार पाडता येतात. पहिला प्रकार निव्वळ फसवणुकीचा. बक्षीस लागल्याचे सांगून नोंदणी शुल्क, कर किंवा अनामत म्हणून काही रक्कम मागितली जाते, अथवा एखादी लिंक पाठवून त्यावर माहिती भरावयास सांगितले जाते. कधी "तिकीट" म्हणून मोबाइलवर एक अॅप उतरवून घ्यायला लावतात. त्या अॅपच्या द्वारे फोनमधील संदेश व ओटीपी परक्याच्या हाती जातात. पैसे गेले की तो क्रमांकही बंद होतो.

दुसरा प्रकार विक्रीचा. येथे कंपनी नोंदणीकृत असते, कार्यालय असते, पावतीही मिळते. सहलीचे आमिष दाखवून ग्राहकाला बोलावून घ्यायचे आणि त्याच्या गळ्यात लाख-दीड लाखाचे सदस्यत्व घालायचे, हा खरा उद्देश असतो. कायद्याच्या दृष्टीने हा प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण ग्राहकाने स्वतःच्या हाताने सही केलेली असते.

तिसरा प्रकार खऱ्या बक्षिसाचा. तो अशक्य नाही, परंतु अत्यंत विरळ आहे. अशा वेळी आपण स्पर्धेत भाग घेतल्याचे आपल्याला आठवत असते, नियम आधीच प्रसिद्ध झालेले असतात, आणि बक्षीस मिळण्यापूर्वी फोन करणाऱ्याच्या खात्यात काहीही भरावे लागत नाही.

अमेरिकेतील एक बोलके प्रकरण

फुकटच्या क्रूझचा सर्वांत गाजलेला प्रकार अमेरिकेत घडला. ऑक्टोबर २०११ ते जुलै २०१२ या काळात तेथील लाखो घरांत रोज यंत्राद्वारे ध्वनिमुद्रित फोन येत असत. प्रथम राजकीय मतचाचणी असल्याचे सांगून काही प्रश्न विचारले जात, आणि उत्तरे दिल्याबद्दल बहामा बेटांची दोन दिवसांची "मोफत" क्रूझ देऊ केली जाई. ती स्वीकारण्यासाठी एक अंक दाबला की पलीकडे जिवंत विक्रेता बोलू लागे. तो मग बंदराचे कर, अधिक चांगली खोली, सहलीआधीचा हॉटेलमुक्काम, किनाऱ्यावरील भटकंती असे एकेक पदार्थ पानात वाढू लागे.

मार्च २०१५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दहा राज्यांच्या महाधिवक्त्यांसमवेत कॅरिबियन क्रूझ लाइन या कंपनीवर व तिच्या सहकाऱ्यांवर कारवाई जाहीर केली. रोज सरासरी १ कोटी २० लाख ते १ कोटी ५० लाख बेकायदेशीर फोन केले गेल्याचा आरोप आयोगाने ठेवला होता. पुढे २०१६ मध्ये फोनधारकांनी केलेल्या सामूहिक दाव्यात ५ कोटी ६० लाख ते ७ कोटी ६० लाख डॉलरपर्यंतची तडजोड झाली.

या प्रकरणात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जहाज काल्पनिक नव्हते. मतचाचणीचे सोंग, फोनची बेकायदेशीर पद्धत आणि "मोफत" या शब्दाआड दडवलेला खर्च, हा खरा आक्षेप होता. म्हणूनच "इंटरनेटवर कंपनीचे नाव सापडले, जहाजाचे छायाचित्रही दिसले" एवढ्यावरून निश्चिंत होणे योग्य नाही. फोन करणारा खरोखर त्या कंपनीचाच आहे काय आणि तो नेमके काय विकतो आहे, हे दोन प्रश्न तरीही उरतातच.

"दोघांनी मिळून यावे"

आपल्याकडे या प्रकाराने निराळे रूप घेतले आहे. मॉलमध्ये, पेट्रोलपंपावर किंवा एखाद्या प्रदर्शनात आपण सोडतीची चिठ्ठी भरतो. तीत नाव, वय, व्यवसाय, पती-पत्नीचा तपशील आणि मोबाइल क्रमांक असतो. काही दिवसांनी फोन येतो. भेट घेण्यासाठी अमुक हॉटेलात, अमुक वेळी, पती-पत्नीने मिळूनच यावे, अशी अट असते. येताना ओळखपत्र आणि बँकेचे कार्ड आणावे, असेही सुचवले जाते.

ज्याला बक्षीस द्यायचे आहे त्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे की नाही, याची चौकशी कशासाठी? आणि दोघांनीच का यावे? उत्तर उघड आहे. एकटा आलेला मनुष्य "घरी विचारून सांगतो" असे म्हणून सुटू शकतो. दोघे समोर असली की ती वाट बंद होते.

पुढे दीड-दोन तासांचे सादरीकरण होते. मोठ्या आवाजात संगीत वाजत असते. मधूनच दुसऱ्या टेबलावरील एखाद्या जोडप्याने सदस्यत्व घेतल्याची घोषणा होते आणि टाळ्या पडतात. किंमत प्रथम तीन लाख सांगितली जाते, मग "साहेबांची खास परवानगी" घेऊन ती एक लाख वीस हजारांवर येते. ही सवलत मात्र फक्त आजच्यापुरती असते. तोंडी पुष्कळ आश्वासने दिली जातात, पण छापील करारात त्यांचा मागमूस नसतो. शेवटी हाती पडणाऱ्या मोफत सहलीच्या कुपनावर बारीक अक्षरांत अटी असतात : सुट्टीच्या दिवसांत लागू नाही, दीड महिना आधी कळवावे, खोली उपलब्ध असल्यासच, जेवणाचे शुल्क अनिवार्य, कर वेगळे.

टाइमशेअर म्हणजे सुट्टीचे सदस्यत्व हा व्यवसाय मुळातच लबाडीचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. हा व्यवसाय सचोटीने करणाऱ्या संस्था भारतात अनेक दशके आहेत आणि त्यांचे समाधानी सदस्यही आहेत. परंतु युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार तेथील ग्राहकाला असा करार केल्यापासून १४ दिवसांत कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे सही करण्यापूर्वीची सावधगिरी हीच आपली मुख्य ढाल ठरते.

पॅनकार्ड क्लब्जचा धडा

सहलीच्या नावाखाली किती मोठी रक्कम अडकू शकते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेड या मुंबईच्या कंपनीचे आहे. ही कंपनी हॉटेलांतील मुक्कामाच्या रात्री विकत असे. त्या रात्री वापरल्या नाहीत, तर मुदतीअखेर ठरलेली वाढीव रक्कम मिळेल, असे आकर्षण होते. साहजिकच बहुतेकांच्या दृष्टीने ती सहल नसून ठेव होती. गावोगावच्या प्रतिनिधींनी आपल्याच नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना त्यात आणले.

सेबीने २०१४ मध्ये अंतरिम आदेश देऊन कंपनीला नव्याने पैसे गोळा करण्यास मनाई केली. फेब्रुवारी २०१६ च्या अंतिम आदेशात ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना असल्याचे ठरवून सेबीने पैसे परत करण्यास फर्मावले. रक्कम होती सुमारे ७,०३५ कोटी रुपये आणि गुंतवणूकदार होते सुमारे ५१ लाख. आदेश निघाला म्हणून पैसे हाती आले असे झाले नाही. मालमत्ता जप्ती, लिलाव आणि न्यायालयीन लढाया यांत गुंतवणूकदारांची वर्षानुवर्षे गेली.

फोनवरील क्रूझ आणि पॅनकार्ड यांत फरक आहे. एकात अनोळखी आवाज असतो, तर दुसऱ्यात ओळखीचा माणूस होता. तथापि दोन्हींतून मिळणारा बोध एकच. सहलीबरोबर परताव्याचे वचन जोडले गेले, किंवा "दोन सभासद आणा, तुमचे पैसे सुटतील" असे सांगितले गेले, की ती सहल राहत नाही. तेथून ती गुंतवणूक होते, आणि गुंतवणुकीसाठी सेबी किंवा रिझर्व्ह बँकेची नोंदणी विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

थोडा हिशेब मांडू या

कोणत्याही क्रूझच्या दरात साधारणतः खोली आणि जेवण येते. बंदरशुल्क, वस्तू व सेवा कर, कर्मचाऱ्यांसाठीची बक्षिसी, पेये, किनाऱ्यावरील सहली हे बहुधा वेगळे असते. उदाहरणादाखल समजा, दोन रात्रींच्या "मोफत" सहलीसाठी माणशी ५,००० रुपये बंदरशुल्क व कर सांगितले. दोघांचे १०,००० झाले. प्रक्रिया शुल्क ४,०००, बक्षिसी २,०००, आणि येथून मुंबईला जाणे-येणे व एका रात्रीचा मुक्काम ६,०००. एकूण २२,००० रुपये झाले. आता त्याच तारखेची तीच खोली जहाज कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कितीला मिळते ते पाहावे. फरक किती उरतो, तेवढीच ती खरी "भेट".

सदस्यत्वाचाही हिशेब असाच करता येतो. पाच वर्षांसाठी, वर्षाला ६ रात्री, किंमत १,२०,००० रुपये. म्हणजे ३० रात्री, आणि एका रात्रीचे ४,००० रुपये. त्यात वार्षिक देखभाल शुल्क ६,००० धरले की पाच वर्षांचे ३०,००० वाढतात आणि एक रात्र ५,००० रुपयांना पडते. निम्म्याच रात्री वापरल्या गेल्या तर तीच रात्र १०,००० रुपयांची होते. शिवाय ती रक्कम बँकेत ७ टक्क्यांनी ठेवली असती, तर वर्षाला ८,४०० रुपये व्याज आले असते. एवढे गणित घरच्या टेबलावर पाच मिनिटांत होते. हॉटेलातील टेबलावर ते होऊ नये, म्हणूनच तर संगीत, टाळ्या आणि घाई असते.

पारख कशी करावी?

पुढील प्रश्न फोनजवळ लिहून ठेवावेत, अशी आमची सूचना आहे.

१. मी या सोडतीत खरोखर भाग घेतला होता काय?
२. बक्षीस मिळण्यापूर्वी काही रक्कम, ओटीपी, कार्डाचा तपशील किंवा अॅप मागितले जात आहे काय?
३. सर्व अटी व एकूण खर्च लेखी पाठवण्यास ते तयार आहेत काय?
४. जहाज, तारीख आणि खोलीचा प्रकार निश्चित सांगितला आहे काय? पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे जुलैतील मुंबई-गोवा सहलीचे आश्वासन मिळाले तर ती फेरी खरोखर आहे का, हे जहाज कंपनीलाच विचारावे.
५. "आजच निर्णय घ्या" असा आग्रह आहे काय?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर "होय" असेल, तर बाकीचे प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही. आज योग्य असलेला करार उद्याही योग्य असतो. चौकशी करताना फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर जहाज कंपनीच्या अधिकृत क्रमांकावर करावी.

फोनचा क्रमांकही काही सांगून जातो. प्रचाराचे व्यावसायिक फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून, तर सेवा व व्यवहारविषयक फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून करण्याची व्यवस्था दूरसंचार नियामकाने केली आहे. साध्या दहा आकडी मोबाइलवरून विक्रीचा फोन आला तर तो नियमबाह्य समजावा. ऑगस्ट २०२४ मध्ये नियामकाने अशा नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांच्या सर्व जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचा निर्देश दिला. मात्र १४० चा क्रमांक हा सचोटीचा दाखला नव्हे. विक्रेता नोंदलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी दोन गोष्टी आपल्या समाजाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. क्रूझऐवजी "पवित्र भूमीची यात्रा" किंवा "वेलंकनीची यात्रा" असे म्हटले गेले, तरी वरील एकही प्रश्न गळत नाही. यात्रेचे नाव ऐकून आपला हात सैल होतो, हे विक्रेत्यालाही ठाऊक असते. दुसरे, क्रूझवरील नोकरीचे आमिष. जहाजावर भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेण्याची त्यांना मुभा नाही. तरुण मुलाच्या नोकरीसाठी दागिने गहाण टाकण्यापूर्वी ही यादी अवश्य पाहावी.

कायद्याचे संरक्षण

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. देण्याचा हेतू नसताना भेट किंवा बक्षीस देऊ करणे, तसेच किमतीत पूर्णतः वा अंशतः वसूल होत असलेली वस्तू फुकट असल्याचा आभास निर्माण करणे, ही दोन्ही कृत्ये या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहेत. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीत असले म्हणून गारखेड्याच्या रहिवाशाने दिल्लीला खेटे घालण्याची गरज नाही. मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही आणि सर्वसाधारणपणे दोन वर्षांची मुदत असते. करारात लवादाचे कलम असले, तरी ग्राहक आयोगाचा दरवाजा त्यामुळे बंद होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

मात्र एक भेद लक्षात ठेवावा. आपल्या चुकीशिवाय कोणी परस्पर खात्यातून पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर भार पडू नये, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. परंतु ओटीपी आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपले असते. आणि हॉटेलात बसून आपणच कार्ड दिले असेल, तर तो आपण मान्य केलेला व्यवहार ठरतो. तेथे बँकेपेक्षा ग्राहक आयोगाची वाट धरावी लागते.

फसवणूक झालीच, तर वेळ दवडू नये. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले, तर रक्कम वाटेतच थांबवली जाण्याची शक्यता अधिक असते. नको असलेल्या विक्रीच्या फोनची तक्रार १९०९ वर, तर ग्राहक म्हणून सल्ला व तक्रार १९१५ वर करता येते. पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोनची माहिती "संचार साथी" संकेतस्थळावरील "चक्षू" या सुविधेत देता येते. ही सोय मार्च २०२४ पासून सुरू आहे. सदस्यत्व घेऊन पश्चात्ताप झाला असेल, तर दुसऱ्याच दिवशी रद्द करण्याचे लेखी पत्र ईमेलने व नोंदणीकृत टपालाने पाठवावे. तोंडी आश्वासनांची टिपणेही त्याच दिवशी करून ठेवावीत.

दोष कोणाचा?

अशा प्रसंगी फसलेल्या व्यक्तीला "एवढा शिकलेला, तरी फसलास?" असे हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती आपण सोडून द्यावी, असे आम्ही कळकळीने म्हणू. समुद्र पाहावा, चार दिवस कामातून मोकळे व्हावे, जोडीदारासाठी आयुष्यात एकदा काही खास करावे, ही इच्छा लोभाची नाही. तिचा बाजार मांडणाऱ्याकडे दोष जातो. पैशाच्या नुकसानीपेक्षा लाजेने ओढवून घेतलेले मौन अधिक घातक ठरते. कारण पती मुलांपासून लपवतो, मुले शेजाऱ्यांपासून लपवतात, आणि तोच फोन त्याच इमारतीतल्या पुढच्या घरी निर्धास्तपणे वाजतो.

फोनच्या पलीकडे बसलेला तरुणही बरेचदा आपल्यासारख्याच घरातला असतो. रोज अमुक इतकी जोडपी आणली नाहीत तर पगार कापला जाईल, या धाकाखाली तो बोलत असतो. त्याला शिव्या देऊन काही साधत नाही. "लेखी पाठवा, घरी विचार करून कळवतो" एवढे म्हणून फोन ठेवणे पुरेसे आहे. आपल्या मुलामुलींना अशी नोकरी चालून आली, तर आपण नेमके काय विकणार आहोत, हे त्यांनीही आधी विचारावे.

धर्मग्रामांच्या पातळीवरही थोडे काम सहज होण्याजोगे आहे. १९३०, १९०९ आणि १९१५ हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत सूचनाफलकावर लावावेत. ज्येष्ठांच्या मेळाव्यात तासभर या विषयाला द्यावा, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांनी सही करण्यापूर्वी ज्याला निःसंकोच फोन करावा असे एखादे नाव ठरवून ठेवावे. क्रूझला जाण्याची इच्छा असेल त्यांनी अवश्य जावे. दर पाहून, पैसे साठवून, आपल्या सोयीच्या तारखेला, स्वतःच्या पैशाने काढलेल्या तिकिटावर जावे. त्या सहलीत अटींचा कागद उलगडत बसावे लागणार नाही.